दोष कोणाचा, विद्या कोणाची?

खेळ ज्याने घडविला त्याच्या मनाप्रमाणेच तो खेळावा, त्याच्या कल्पनेपलीकडे जाणारा तो लबाड, असे मत अलीकडे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. पडद्यावरील द्वंद्वाच्या खेळांविषयी तर ते फारच ठासून सांगितले जाते. हे मत आम्हांस मान्य नाही. आणि ज्या युक्तीच्या निमित्ताने ते वारंवार मांडले जाते, त्या 'वेव्हडॅश'चीच बाजू आम्ही येथे घेणार आहोत.

खेळाचे नाव 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले'. नावाला कोणी हसू नये. 'मेले' हा हातघाईच्या झुंजीचा मूळ फ्रेंच शब्द आहे, आणि खेळ तर चांगला जिवंत आहे! जपानच्या निन्टेन्डो कंपनीने तो २००१ साली गेमक्यूब यंत्रासाठी काढला. त्यातील योद्ध्याला उडी मारता येते आणि हवेत असताना अंग चोरून वार चुकविता येतो. उडीत पाय भूमीवरून सुटतात न सुटतात तोच खेळाडूने तिरपे खाली अंग चोरले, तर योद्धा तत्काळ भूमीला टेकतो. परंतु अंगातील वेग शिल्लक असल्यामुळे उभ्या उभ्याच घसरत जातो. शत्रूकडे तोंड ठेवून मागे सरावे आणि त्याचा वार फुकट जाताच उलट वार करावा, हे त्यामुळे साधते.

पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे सरकतात. फॉक्स नावाच्या योद्ध्याचे पाय ३ चित्रांत सुटतात, धिप्पाड बाउझरला ८ लागतात. टेकल्यावर १० चित्रे हालचाल बंद. म्हणजे फॉक्सची सारी क्रिया पाव सेकंदाच्या आत उरकते. किंचित उशीर झाला की योद्धा हवेतच अडकतो आणि मार खातो. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांचे नाव आदराने घेणाऱ्या आमच्या वाचकांस, काळाचा एवढा सूक्ष्म अंश हाताने पकडणे म्हणजे काय, हे समजावून सांगावयास नको.

आक्षेपक म्हणतात, हा यंत्रातील दोष आहे. आम्ही विचारतो, दोष कोठे आहे? येथे कोणी यंत्र उघडलेले नाही की त्यातील आज्ञा बदललेल्या नाहीत. उडीचा, अंग चोरण्याचा आणि घसरण्याचा, हे तिन्ही नियम कर्त्यांनीच घालून दिलेले. खेळाडूंनी ते एकत्र आणले इतकेच. ही गोष्ट खेळ घडत असतानाच लक्षात आली होती, असे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनीच पुढे सांगितले. मग लबाडी कोणाची?

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. नवशिका आणि निष्णात यांतील अंतर अशा युक्त्यांनी फार वाढते. ते कमी व्हावे म्हणून २००८ च्या 'ब्रॉल' ह्या पुढील खेळातून वेव्हडॅश काढून टाकण्यात आला. हेतू वाईट नव्हता. पण त्याच खेळात, धावू लागलेल्या योद्ध्याला केवळ दैवयोगाने ठेच लागून तो पडावा, अशीही सोय करून ठेवली! नवशिक्याला हात देऊन वर घेण्याऐवजी निष्णाताचा पाय ओढण्याचाच हा प्रकार झाला. हे अंतर अभ्यासाचे आहे. जाणते खेळाडू ही युक्ती उघडपणे शिकवितात. तीत गुप्त मंत्र काही नाही. तासन्‌तास तीच क्रिया केल्याने मनगटे दुखावतात, हे मात्र खरे. तेथे वडीलधाऱ्यांनी मर्यादा अवश्य घालावी. मर्यादा घालणे निराळे आणि तुच्छ लेखणे निराळे.

जुना खेळ न सोडणाऱ्यांनी काय केले तेही पाहावे. २०१३ साली लास व्हेगासच्या 'इव्हो' स्पर्धेतील एक जागा, स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी कोणत्या खेळाचे चाहते अधिक देणग्या जमवितात, यावर ठरावयाची होती. 'मेले'च्या चाहत्यांनी ९४ हजार डॉलरांहून अधिक रक्कम उभी करून आपल्या बारा वर्षांच्या जुन्या खेळाला ती जागा मिळवून दिली. कंपनीने सामन्यांच्या प्रक्षेपणास मनाई केली, आणि ओरड होताच ती मागेही घेतली. खेळावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्या दिवशी निदान काही अंशी सुटला, असे आम्ही समजतो.

आपल्या देवळांच्या सभामंडपांत पखवाज वाजतो. तो घडविणाऱ्याने त्यातून कोणते बोल काढावेत हे ठरविलेले नाही, आणि वादकाच्या बोटांनी शोधलेल्या बोलांना लाकडाचा दोष असे आजवर कोणी म्हटलेले नाही. तेव्हा घरातील मुलगा तीच घसरण शंभर वेळा घोटताना दिसला, तर 'यंत्राच्या चुकीवर जिंकतोस' असे त्याला म्हणण्यापूर्वी क्षणभर त्याच्या बोटांकडे पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.