तीन पेन्सांची जकात

अमेरिकेंतील वसाहती इंग्लंडपासून कां फुटल्या, असें वर्गांत विचारलें तर बहुतेक विद्यार्थी चटकन् उत्तर देतात, "कर जड झाले म्हणून." उत्तर सोपें आहे; पण माझ्या मतें तें खरें नाहीं. १७७३ सालीं बोस्टन बंदरांत जो चहा पाण्यांत फेंकला गेला, त्यावरील जकात पौंडामागें अवघी तीन पेन्स होती, आणि तो चहा पूर्वीपेक्षां स्वस्त पडणार होता!

स्वस्त चहा कोणी बुडवील काय? हें कोडें उलगडावयाचें तर थोडें मागें गेलें पाहिजे. १६५१ पासून इंग्लंडनें नौकानयनाचे कायदे केले. वसाहतींनीं तंबाखू, साखर, नीळ इत्यादि जिन्नस इंग्लंड व त्याच्या ताब्यांतील मुलूख यांखेरीज इतरत्र पाठवूं नयेत, आणि युरोपचा माल इंग्लंडच्या बंदरांतूनच घ्यावा, असा त्यांचा मतलब होता. १७५० सालीं तर कच्चें लोखंड खुशाल पाठवा, पण पोलादाची नवी भट्टी घालूं नका, असा हुकूम सुटला. हा जाच वसाहतींनीं शंभर वर्षें सोसला. कांहींसा फायद्यासाठीं, कारण त्यांनीं बांधलेलीं जहाजें इंग्रजीच गणलीं जात. आणि कांहींसा चोरट्या व्यापाराच्या आडोशानें.

सात वर्षांचें युद्ध १७६३ सालीं संपलें, तेव्हां इंग्लंडवर मोठें कर्ज झालें होतें. वसाहतींतील फौजेच्या खर्चाचा कांहीं वांटा वसाहतींनीं उचलावा, ही मागणी तशी अवाजवी नव्हती. १७६५ सालीं स्टँपचा कायदा झाला आणि दस्तऐवज, वर्तमानपत्रें, फार काय, खेळण्याच्या पत्त्यांनाहि स्टँप लागला. मोठी ओरड झाली, तेव्हां पुढील सालीं पार्लमेंटनें तो रद्द केला. पण त्याच दिवशीं दुसरा कायदा मंजूर झाला कीं, वसाहतींस सर्व बाबतींत बंधनकारक असे कायदे करण्याचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे. भांडणाचें मूळ मला येथें दिसतें. पैसा सोडला, पण हक्क राखून ठेवला.

पार्लमेंटची बाजूहि ऐकण्यासारखी आहे. मँचेस्टर, बर्मिंगहॅम या गांवांनाहि स्वतःचे सभासद नव्हते, तरी तेथील लोक कर भरीतच होते. खरें, पण मँचेस्टरवर बसणारा कर तो बसविणाऱ्या सभासदालाहि भरावा लागे, आणि बोस्टनवरील करानें त्याचें स्वतःचें ओझें हलकें होई. दुसऱ्याच्या खिशांतून देणारा हात आंखडता कां घेईल?

१७७० सालीं काच, कागद, रंग, शिसें यांवरील जकाती उठल्या. चहावरील मात्र हक्क जिवंत रहावा म्हणून मुद्दाम ठेवली. त्यांतच बंगालवर सत्ता गाजविणारी ईस्ट इंडिया कंपनी कर्जांत रुतली, आणि तिच्या लंडनच्या वखारींत चीनचा चहा पडून राहिला. तो थेट अमेरिकेंत विकण्याची सवलत तिला १७७३ सालीं मिळाली. चहा स्वस्त झाला खरा. पण घेणाऱ्यानें तीन पेन्स दिले कीं हक्क कबूल केल्यासारखें होई. १६ डिसेंबरच्या रात्रीं ३४२ पेट्या पाण्यांत गेल्या. चोरट्या चहाचा धंदा बुडेल या भीतीनें कांहीं व्यापारी चळवळींत शिरले होते, आणि स्वातंत्र्याचा घोष करणाऱ्या कित्येकांच्या घरीं गुलाम राबत होते, हें लपविण्याचें कारण नाहीं. त्यामुळें मूळ प्रश्न खोटा ठरत नाहीं.

१७७४ सालीं बोस्टनचें बंदर बंद करण्यांत आलें. पुढील मार्चांत बर्कनें पार्लमेंटला विनविलें कीं, हक्काचा काथ्याकूट सोडा आणि हित कशांत आहे तें पाहा. त्याचें म्हणणें फेटाळलें गेलें व एप्रिलांत लेक्सिंग्टन येथें गोळी सुटली. अखेर १७७८ सालीं पार्लमेंटनें कायदा करून वसाहतींवर महसुलासाठीं कर बसविण्याचा हक्क सोडला. समेटाचें बोलणें घेऊन त्याचे वकील जूनमध्यें फिलाडेल्फियास पोहोंचले, तेव्हां त्याच शहरांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून जवळजवळ दोन वर्षें झालीं होतीं.