जिथे जर्मनीच्या चॅन्सलरना रडू कोसळलं, त्या म्युनिकच्या सिनेगॉगची गोष्ट काय आहे?

१५ सप्टेंबर २०२५ ला जर्मनीचे चॅन्सलर फ्रिडरिख मेर्त्स म्युनिकमध्ये भाषण करत होते. बोलता बोलता त्यांचा आवाज अडखळला आणि डोळे भरून आले. राखेल सालामांडर यांनी लहानपणी विचारलेला एक प्रश्न ते सांगत होते: ज्यूंना मदत करणारं कुणीच नव्हतं का?

ही क्लिप जगभर फिरली. पण ते ज्या इमारतीत उभे होते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

रायशेनबाखश्ट्रासे या रस्त्यावरून तुम्ही चालत गेलात, तर हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, दिसणारच नाही. ते २७ नंबरच्या इमारतीच्या मागच्या अंगणात आहे. पोलंड, रशिया अशा पूर्वेकडच्या भागांतून आलेल्या ज्यूंनी ते उभारलं. ही मंडळी तोवर छोट्या-छोट्या खोल्यांमध्ये प्रार्थना करत होती. शहरातल्या जुन्या, स्थिरावलेल्या ज्यूंच्या तुलनेत ती गरीब होती आणि जुन्या चालीरीती कसोशीने पाळणारी होती.

गंमत म्हणजे, या सनातनी मंडळींचं सिनेगॉग शहरातल्या सगळ्यात आधुनिक वास्तूंपैकी एक ठरलं. आर्किटेक्ट गुस्ताव्ह मायरश्टाइन यांनी बाउहाऊसच्या वळणाची वास्तू केली. घुमट नाही, मिनार नाही, नक्षीकामाचा सोस नाही. सरळ रेषा, महिलांसाठी वरची गॅलरी, छतातून उतरणारा उजेड आणि रंग. सप्टेंबर १९३१ मध्ये तिचं उद्घाटन झालं. हिटलर सत्तेत यायला तेव्हा दीड वर्षही उरलं नव्हतं. पुढे मायरश्टाइन यांनी जर्मनी सोडली.

म्युनिकचं मुख्य सिनेगॉग नाझींनी जून १९३८ मध्येच पाडलं होतं. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभरात ज्यूंची घरं, दुकानं, सिनेगॉग फोडण्यात आली. त्याची चिथावणी देणारं गोबेल्सचं भाषण याच शहरात झालं होतं. अंगणातल्या या सिनेगॉगचीही आतून नासधूस झाली. पण ते पूर्ण जाळलं असतं, तर चिकटून असलेल्या शेजारच्या घरांनीही पेट घेतला असता. त्यामुळे भिंती वाचल्या. दया कुणालाच आली नव्हती, दाटीवाटीने वाचवलं.

युद्धानंतर छळछावण्यांतून वाचलेल्यांनी जमेल तशी डागडुजी केली. २० मे १९४७ ला सिनेगॉग पुन्हा उघडलं, तेव्हा अमेरिकेचे जनरल ल्युशियस क्ले हजर होते. पुढची जवळपास ६० वर्षं म्युनिकच्या ज्यूंचं हेच मुख्य सिनेगॉग होतं. पुढच्या इमारतीत समाजाचं ऑफिस होतं आणि वृद्धाश्रमही.

याच वृद्धाश्रमाच्या जिन्यात १३ फेब्रुवारी १९७० च्या संध्याकाळी कुणीतरी इंधन ओतून आग लावली. सात जणांचा जीव गेला. त्यांत नाझींच्या तावडीतून वाचलेलेही होते. या प्रकरणात आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.

२००६ मध्ये समाजाने चालत दहाएक मिनिटांवरच्या याकोब चौकात नवं केंद्र उघडलं. तिथे सिनेगॉग, शाळा, सभागृह असं सगळं आहे आणि तेही भर चौकात. त्याच्या पायाभरणीवर हल्ला करण्याचा नवनाझींचा कट पोलिसांनी २००३ मध्ये उधळला होता. नवी वास्तू झाली आणि अंगणातली जुनी वास्तू रिकामी पडली.

इथे सालामांडर यांचा प्रवेश होतो. १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीत जन्मलेल्या सालामांडर म्युनिकमध्ये ज्यू साहित्याचं दुकान चालवत. २०१३ मध्ये त्यांनी ही वास्तू वाचवण्यासाठी संस्था काढली आणि केंद्र, राज्य, शहर, देणगीदार अशा सगळ्यांना गळ घातली. एक तप गेलं.

मग प्रश्न आला: दुरुस्ती करून इमारत कोणत्या सालात न्यायची? उत्तर ठरलं १९३१. नंतरचे थर काढून भिंतींचा मूळ निळसर-हिरवा रंग परत आणला गेला.

वास्तुकलेच्या दृष्टीने हा निर्णय पटतो. मायरश्टाइन यांचं काम अखेर दिसू लागलं. शिवाय, आपण इथलेच आहोत आणि इथेच राहणार, असं मानणाऱ्या लोकांनी ते उभारलं होतं, हेही दिसतं. पण त्याची एक किंमत आहे. १९४७ मध्ये सगळं गमावलेल्या माणसांनी या भिंतींना जे ठिगळ लावलं, ते आता दिसत नाही. त्या ठिगळाखालीच दोन पिढ्यांनी प्रार्थना केली होती.