घराला कुलूप, मग मोजले कोणाला?

दिवाळीनंतर घाटनांदूर परिसरातल्या वस्त्यांवर, तांड्यांवर फिरलात तर अनेक दारांना कुलूप दिसते. नवरा-बायकोची जोडी कोयता घेऊन साखर कारखान्याकडे गेलेली असते. मागे उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरे. अशा डिसेंबरात कुणी प्रश्नावली घेऊन आले आणि गावातले नैराश्य मोजून गेले, तर तो आकडा नेमका कोणाचा? उसाच्या फडात राबणारी माणसे त्यात नसतातच.

मनाविषयीची माहिती कशी गोळा करायची, हा संशोधकांचा तांत्रिक प्रश्न समजला जातो. मला तो न्यायाचा प्रश्न वाटतो. पद्धत ठरली की कोणाचे ऐकायचे, हेही ठरून जाते.

प्रश्नावलीला विरोध नाही. ‘पीएचक्यू-९’ ही जगभर वापरली जाणारी चाचणी नऊ प्रश्नांत मागच्या दोन आठवड्यांची मनःस्थिती तपासते आणि ० ते २७ गुण देते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रम राबवला गेला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हा फरक घरोघरच्या पाहणीशिवाय कळलाच नसता.

पण त्याच चाचणीचा नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याविषयी आहे. सासू शेजारी बसलेली असताना सून त्याला काय उत्तर देईल? फॉर्म मोबाइलवर पाठवावा, तर फोन नवऱ्याच्या खिशात. शिवाय ‘नैराश्य’ हा शब्द पुस्तकातला. इथे माणसे ‘जिवाला घोर लागलाय’, ‘कशातच मन लागंना’ असे सांगतात.

बीडच्याच अनुभवातून एक गोष्ट शिकता येते. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. त्या आकड्याने सरकारला जाग आणली. मात्र शस्त्रक्रियेला होकार देताना त्या बाईच्या मनात कसली भीती होती, खाडा आणि त्याचा दंड, की कॅन्सरची धास्ती, हे तिच्याजवळ निवांत बसल्याशिवाय समजत नाही. किती, हे पाहणी सांगते. का, हे मुलाखत सांगते.

म्हणून क्रम असा असावा: आधी गटचर्चा आणि मोकळ्या मुलाखती, त्यातून लोकांचे शब्द, मग त्या शब्दांतली प्रश्नावली. मजूर परतल्यावर, उन्हाळ्यात जावे. बायकांशी बाईनेच, एकांतात बोलावे. मन उघडणाऱ्याला तिथेच आधार मिळावा: ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची वाट.

यात वेळ आणि पैसा जास्त लागतो, हे खरे. पण चुकीच्या आकड्यावर आखलेली योजना त्याहून महाग पडते. तेव्हा मानसिक आरोग्याचा पुढचा आकडा वाचाल, तेव्हा एवढे जरूर विचारा: कोणत्या महिन्यात विचारले, कोणी विचारले आणि तेव्हा शेजारी कोण बसले होते?