गोळ्यांनी चाळण झालेला गुप्तहेर

१/ आजचा धागा अशा एका गुप्तहेराविषयी, ज्याच्या देहातून आरपार दिसते. नाव फिअरलेस फॉस्डिक. जन्म १९४२, अमेरिकी वृत्तपत्रांतील ‘लिल अॅबनर’ या चित्रमालिकेत. तो निव्वळ हसवण्यासाठी जन्मला. पण त्याने उभा केलेला प्रश्न आपल्या नागपूरलाही सुटलेला नाही.

२/ आधी मूळ, मग विडंबन. ऑक्टोबर १९३१ मध्ये शिकागोचा अल कपोन करचुकवेगिरीत दोषी ठरला. त्याच महिन्यात चेस्टर गूल्डची ‘डिक ट्रेसी’ ही मालिका सुरू झाली. गुंड प्रेयसीच्या वडिलांचा खून करतात आणि ट्रेसी पोलिसांत दाखल होतो. दारूबंदीच्या त्या काळात अनेक पोलीस गुंडांना विकले गेले होते. वाचकाला न विकला जाणारा पोलीस हवा होता. गूल्डने तो दिला.

३/ ट्रेसीचे जग काळे-पांढरे होते. खलनायक चेहऱ्यानेच विद्रूप, नायक कधीच न चुकणारा, आणि बहुतेक वादांचा निकाल पिस्तुलाने. हिंसा इतकी उघड की सकाळच्या न्याहारीच्या टेबलावर रक्त सांडावे.

४/ अॅल कॅपची ‘लिल अॅबनर’ १९३४ पासून चालू होती. कॅपने ट्रेसीची नुसती टवाळी केली नाही. त्याने चित्रमालिकेच्या आत दुसरी चित्रमालिका रचली. डॉगपॅच या खेड्यातला भोळा अॅबनर वर्तमानपत्रात फॉस्डिकची चित्रे वाचतो आणि त्याला आपला आदर्श मानतो. त्या चित्रांचा कर्ता म्हणून लेस्टर गूच नावाचा चित्रकारही कॅपने कल्पिला.

५/ फॉस्डिकचा जबडा ट्रेसीसारखाच चौकोनी. पगार तुटपुंजा, वाग्दत्त वधू वर्षानुवर्षे ताटकळत बसलेली. अंगाची गोळ्यांनी चाळण होते, तरी हा कामावर हजर! शौर्याची अतिशयोक्ती शेवटपर्यंत ताणली की तिचे काय होते, ते त्या भोकांतून दिसते.

६/ त्याची सर्वांत बोलकी कथा विषारी बीन्सची. शहरात विषबाधित बीन्स पोहोचले आहेत. नागरिकांना विषापासून वाचवायचे, म्हणून फॉस्डिक बीन्स खाणाऱ्या निरपराध माणसांनाच गोळ्या घालत सुटतो. कर्तव्यात कसूर नाही, हेतू शुद्ध. आणि वाचवायची होती ती माणसे मेलेली.

७/ माझ्या मते, विडंबनाचे मर्म इथे आहे. विडंबन मूळ कृतीशी खोटे बोलत नाही. तिचेच तर्कशास्त्र शेवटच्या पायरीपर्यंत नेते. मराठी वाचकाला ही रीत परकी नाही. आचार्य अत्र्यांनी १९२५ च्या ‘झेंडूची फुले’त तत्कालीन कवितेला हाच आरसा दाखवला होता.

८/ कॅपचा खरा नेम मात्र ट्रेसीवर नव्हता, अॅबनरवर होता, म्हणजेच वाचकावर. फॉस्डिक करील ते आपणही करू, अशी अॅबनरची प्रतिज्ञा होती. १९५२ मध्ये फॉस्डिकचे लग्न लागले आणि अठरा वर्षे लग्न टाळत आलेला अॅबनरही बोहल्यावर चढला. मग कळले, फॉस्डिकचे लग्न हे स्वप्न होते. नायक मोकळा सुटला. भक्त कायमचा अडकला.

९/ आता आपल्याकडे वळू. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडाने पिढ्या वेड्या केल्या. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून परदेशी चित्रमालिकांतले वेताळ आणि मँड्रेक आले. म्हणजे नायकांची आयात जोरात झाली. त्यांना हसायला शिकवणारा फॉस्डिक मात्र आपल्या बालपणात शिरला नाही.

१०/ हे केवळ मनोरंजनापुरते नाही. ‘अब तक छप्पन’ (२००४) आणि ‘सिंघम’ (२०११) या हिंदी चित्रपटांचे नायक मराठी पोलीस अधिकारी आहेत, आणि टाळ्या पडतात त्या त्यांच्या झटपट न्यायाला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ‘सिंघम’सारखे चित्रपट घातक संदेश देतात, असे जाहीरपणे म्हटले. कायद्याच्या प्रक्रियेविषयीची अधीरता ही त्यांची चिंता होती.

११/ ही अधीरता हवेतून येत नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयातच जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार केले. जमावात कस्तुरबा नगरातील स्त्रिया होत्या. वर्षानुवर्षे तक्रारी करूनही पोलिसांनी दाद दिली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २०१४ मध्ये आरोपींची पुराव्याअभावी सुटका झाली. त्या स्त्रियांना हसण्याचा अधिकार कोणालाच नाही.

१२/ म्हणूनच फरक नीट ओळखावा. दाद न मिळालेल्या माणसाचा संताप वेगळा आणि पडद्यावरच्या पिस्तुलाला आपण वाजवलेल्या टाळ्या वेगळ्या. पहिल्यावर उपाय म्हणजे तक्रार नोंदवून घेणारे ठाणे आणि वेळेत निकाल देणारे न्यायालय. ही कामे कंटाळवाणी असतात. त्यांच्यावर चित्रमालिका निघत नाही.

१३/ १९७७ च्या नोव्हेंबरात ‘लिल अॅबनर’ संपली आणि त्याच वर्षअखेरीस गूल्डही निवृत्त झाला. ‘डिक ट्रेसी’ पुढे इतरांच्या हातून चालू राहिली. नायक टिकतो, त्याचे विडंबन विस्मरणात जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने हा क्रम उलटा करावा. कोणत्याही काळाचे नायक पाहताना त्यांना हसणारेही शोधावेत. त्या काळाची भीती तिथे अधिक स्पष्ट लिहिलेली असते.