शेवटच्या पानापासून

मी वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचते. सवय लहानपणची. सकाळी वडील पेपर उघडून बसायचे, पहिलं पान त्यांच्याकडे आणि शेवटचं पान समोर उभ्या असलेल्या माझ्याकडे. चहाचा कप हातात घेऊन ते कधी खाली पाहतील याची वाट बघत मी खेळाचं पान वाचून काढायची. तेव्हापासून क्रिकेटचं वेड लागलं ते लागलंच. चळवळीत आल्यावर मैत्रिणींनी पुष्कळ चेष्टा केली. शिबिरात सगळ्या रात्री गाणी म्हणताहेत आणि ही बाई कोपऱ्यात ट्रान्झिस्टर कानाला लावून बसली आहे! हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते क्रिकेटचा दुस्वास करणाऱ्या बाईनं लिहिलेलं नाही.

परवा माळा आवरताना २०२१ च्या मार्च ते जूनमधल्या पेपरांचा गठ्ठा सापडला. त्या उन्हाळ्यात रद्दीवाला आलाच नाही, म्हणून राहून गेलेला. दोन दिवस तो वाचत बसले. रोजचा पेपर रोज वाचला की बातम्या एकमेकींना भेटत नाहीत. गठ्ठ्यात त्या शेजारी-शेजारी आल्या आणि मला काही गोष्टी नव्यानं दिसल्या.

आमच्या पुण्यात मार्चअखेर रुग्णांना खाट मिळेना, तेव्हा गहुंज्याला भारत-इंग्लंड एकदिवसीय सामने चालू होते, प्रेक्षकांविना. ९ एप्रिलला आयपीएल सुरू झालं. महाराष्ट्रात रात्री आठनंतर संचारबंदी लागली होती, पण मुंबईतल्या संघांना आठनंतरही सराव करायची परवानगी राज्य शासनानं दिली. १४ एप्रिलच्या रात्रीपासून निर्बंध आणखी कडक झाले. वानखेडेवरचे सामने २५ एप्रिलपर्यंत झालेच. त्याच आठवड्यात, २१ एप्रिलला, नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून बावीसहून अधिक रुग्ण गेले. ही बातमी पहिल्या पानावर. शेवटच्या पानावर आदल्या रात्रीचा धावफलक.

आणि राजकारण? पश्चिम बंगालची निवडणूक आठ टप्प्यांत, २७ मार्च ते २९ एप्रिल. १७ एप्रिलला देशात दिवसाला दोन लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जात होते, तेव्हा आसनसोलच्या सभेत पंतप्रधानांनी एवढी मोठी गर्दी पाहून आनंद व्यक्त केला. पण बंगालकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. त्याच १७ एप्रिलला आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्यात विधानसभेची पोटनिवडणूक झाली. कोरोनातून उठल्यावर पुढच्या गुंतागुंतीनं आमदार वारले, त्या रिकाम्या जागेसाठी मतदान, आणि त्यासाठी सगळ्याच पक्षांच्या प्रचारसभा! तीनच महिन्यांनी आषाढीला त्याच पंढरपुरात संचारबंदी लागली आणि मानाच्या पालख्या एसटीनं गेल्या. वारी थांबवली याबद्दल माझी तक्रार नाही. डोक्यावर तुळस घेऊन दरवर्षी चालणाऱ्या बायांनी ते मुकाट्यानं मान्य केलं. माझा प्रश्न एवढाच की, ज्यांच्या पायाखालची वाट थांबवता येते त्यांचीच का थांबवली जाते?

आता तिसरी बातमी, आरोग्याची. ती मला पेपरातून कमी आणि माझ्या ओट्यावरून जास्त कळली.

आमच्या वस्तीत काम करणारी एक आशाताई तेव्हा रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायची. घरी सासूबाई म्हणायच्या, आधी अंघोळ, मग उंबरा. अंघोळ झाली की स्वयंपाक, म्हणजे मग वही उघडायला वेळ नाही. म्हणून दिवसभरच्या घरभेटींची यादी ती माझ्याकडे बसून पुरी करायची. कोणाला ताप, कोणाची प्राणवायूची पातळी किती, कोण पुण्याबाहेरून आलं, कोण दार उघडत नाही, कोणी अंगावर पाणी फेकलं. आत माझा टीव्ही चालू असायचा. लपवत नाही, सामना चालू असायचा. एकदा समालोचक खेळाडूंभोवतीच्या 'बायो-बबल'बद्दल सांगत होता. तिनं पेन थांबवून विचारलं, "ताई, ह्यांची तपासणी कितीदा होते हो?"

मी हौसेनं माहिती दिली. आधी दर पाच दिवसांनी व्हायची, एप्रिलअखेर क्रिकेट मंडळानं ती दर दोन दिवसांनी केली. ती काही बोलली नाही. वर्षभरात तिची तपासणी एकदाच झाली होती, तीही चार दिवस ताप अंगावर काढून, रांगेत उभं राहून. अहवाल सहाव्या दिवशी आला. मधले दिवस ती घरभेटी करतच होती, कारण तिच्या जागी दुसरं कोणी नव्हतं आणि फिरली नाही तर मोबदला नव्हता. सुदैवानं अहवाल निगेटिव्ह होता. मी उठून टीव्हीचा आवाज कमी केला. बंद केला नाही. तेही लिहून ठेवते.

मैत्रिणींनो, आशा म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे असं आपण धरून चालतो. ही योजना २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानात आली, नंतर शहरी वस्त्यांत. साधारण हजार लोकवस्तीमागे एक. ती त्याच गावची हवी, आणि लग्न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित असावी असा नियम. म्हणजे गावची सूनच. मुलगी लग्न करून निघून जाईल, सून कुठे जाते! गावच्या सुनेकडून घरच्या सुनेसारखंच काम करून घ्यायचं, हे त्या नियमातच लिहिलेलं आहे. ती कर्मचारी नाही, 'स्वयंसेविका'. तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला आणि थोडी ठरावीक रक्कम. साथीच्या कामासाठी केंद्राकडून महिन्याला १,००० रुपये जास्तीचे. दिवसाचे ३३ रुपये झाले. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर झाला, त्यात आशाही होत्या. या कामात ती मेली तर ५० लाख आणि जगली तर ३३ रुपये रोज. हा हिशोब ज्यांनी कागदावर मांडला त्यांना तो विचित्र वाटला नसेल का?

एरवी कागदोपत्री कुठेच न बसणारी ही बाई त्या उन्हाळ्यात सगळीकडे होती. निवडणूक आयोगानं साथीतल्या मतदानासाठी जे नियम केले, त्यात मतदान केंद्राच्या दारात मतदारांचं तापमान कोणी पाहायचं? मतदान कर्मचारी, निमवैद्यकीय कर्मचारी किंवा आशा. सभांमधून पसरलेला ताप तिनंच दारात उभं राहून मोजायचा, आणि नंतर घरोघर फिरून तिनंच शोधायचा. राजकारणाच्या पानाला आरोग्याचं पान जोडणारा दोरा कोणता, हे मला या एका नियमातून कळलं.

खेळाडूंभोवतीच्या कुंपणाचंही बघा. ते टिकलं नाहीच. ३ मेला कोलकात्याचे दोन गोलंदाज बाधित निघाले, त्याच दिवशी चेन्नईच्या संघाकडून बातमी आली, त्यात त्यांच्या बसचा एक सफाई कामगार होता. ४ मेला स्पर्धा थांबली. उरलेली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमिरातीत पुरी झाली. त्याआधी काही परदेशी खेळाडू घरी निघून गेले होते, रविचंद्रन अश्विन घरच्यांच्या आजारपणामुळे बाहेर पडला होता. खेळाडूंवर माझा राग नाही. ती पोरंही घाबरलेली होती. पण मंडळानं त्यांना पत्र लिहून सांगितलं की तुम्ही माणुसकीसाठीही खेळत आहात. माणुसकीसाठी खेळणाऱ्यांची दर दोन दिवसांनी तपासणी आणि माणुसकीसाठी दारोदार फिरणाऱ्यांना एक मास्क धुऊन-धुऊन आठवडाभर!

खेळातल्या बायकांचं काय, असं कोणी विचारेल. शेवटच्या पानावर त्या शोधाव्या लागतात. ८ मार्च २०२० ला, आपल्या महिलादिनीच, मेलबर्नच्या मैदानावर टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना ८६,१७४ प्रेक्षकांसमोर झाला. भारत हरला, पण उपविजेता म्हणून पाच लाख डॉलर मिळाले. मे २०२१ मध्ये इंग्लंडच्या एका वृत्तपत्रानं बातमी दिली की ती रक्कम खेळाडूंपर्यंत पोचलेलीच नाही. चौदा महिने! पुरुषांचं आयपीएल २०२० मध्ये अमिरातीत नेऊन खेळवलं गेलं, २०२१ मध्ये दोन हप्त्यांत पुरं केलं गेलं. बायकांची छोटीशी तीन संघांची स्पर्धा मात्र २०२१ मध्ये झालीच नाही. त्याच उन्हाळ्यात वेदा कृष्णमूर्ती हिची आई आणि बहीण दोघी कोरोनानं गेल्या. इंग्लंडच्या दौऱ्यात तिची निवड झाली नाही, पण मंडळाकडून साधी विचारपूसही नाही, हे जाहीरपणे लिहिलं ते ऑस्ट्रेलियाकडून खेळलेल्या लिसा स्थळेकर हिनं. ही लिसा मूळची पुण्यातच जन्मलेली, अनाथालयातून दत्तक गेलेली. आपल्याकडच्या कोणा नामवंताला ते लिहावंसं वाटलं नाही, याची मला क्रिकेटवेडी म्हणून लाज वाटते. ती बातमी वाचली तेव्हा आमच्या गटातल्या दोघींच्या घरात नुकतेच मृत्यू झाले होते, आणि ज्या बंगल्यांत त्या धुणीभांडी करत होत्या तिथूनही कोणाचा फोन आला नव्हता.

घरकामगार बायांचं एक सांगायलाच हवं. एप्रिलच्या निर्बंधांबरोबर राज्यानं मदत जाहीर केली, घरकामगारांना १,५०० रुपये. 'नोंदणीकृत' घरकामगारांना. कायदा २००८ चा, पण नोंदणी किती जणींची होती हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे? आमच्या गल्लीत अठरा जणींपैकी दोघींची. बाकीच्या सोळा जणींनी रांगेत उभं राहून शिवभोजन थाळी घेतली.

लसीचं पानही तसंच. मेमध्ये अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली, पण नोंदणी मोबाइलवर आणि मोबाइल नवऱ्याच्या खिशात. पाळीच्या आधी-नंतर पाच दिवस लस घेऊ नये अशी अफवा एप्रिलमध्ये पसरली. सरकारनं खुलासा केला, पण अफवा जितक्या फोनांवर पोचली तितक्यांवर खुलासा पोचला नाही. गरोदर बायकांना तर २ जुलैपर्यंत लस द्यायचीच नव्हती. म्हणजे लाट भरात असताना त्या उघड्यावर, लाट ओसरल्यावर त्यांना परवानगी. जूनअखेर देशात पुरुषांना दिलेले डोस सोळा कोटींच्या वर होते, बायकांना दिलेले चौदा कोटींच्या आसपास. बायका सुईला घाबरतात, असं एका बैठकीत एक डॉक्टर म्हणाले. बाळंतपणं झालेल्या बायका!

१५ जूनला महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. पेपरांनी विचारलं, साथ चालू असताना संप योग्य आहे का? हा प्रश्न त्यांनी वानखेडेच्या सामन्यांना किंवा पंढरपूरच्या सभांना इतक्या ठळक अक्षरांत विचारलेला मला त्या गठ्ठ्यात सापडला नाही. आठवडाभरानं, २३ जूनला, तडजोड झाली. आशांना दरमहा १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता. आमची ताई त्या दिवशी ओट्यावर आली ती पेढे घेऊन नाही, तर कागद घेऊन. म्हणाली, "हे वाचून दाखवा, यात 'वेतन' असं कुठे लिहिलंय का?" नव्हतं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा तिला पुष्पगुच्छ मिळाला. २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर त्या पुन्हा संपावर होत्या.

या सगळ्यावर आमच्या गटात वाद झाला. एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, ताई, तुम्ही उगाच क्रिकेट मध्ये आणता, लोकांना तेवढाच विरंगुळा होता. खरं आहे, मलाही होता. पण विरंगुळा चालू ठेवण्यासाठी काय काय करता येतं, हेही त्यातूनच कळलं. दर दोन दिवसांनी तपासणी करता येते, वेगळी बस, वेगळं हॉटेल, घरी जायला विमान, आठनंतरची परवानगी, सगळं करता येतं. पैसे नाहीत, यंत्रणा नाही, किट नाहीत, ही उत्तरं आम्ही निवेदनं घेऊन जायचो तेव्हा ऐकली होती. ती उत्तरं पुन्हा कोणी दिली तर त्याच्यापुढे एप्रिल २०२१ चं शेवटचं पान ठेवायचं, असं मी त्या तरुणीला सांगितलं. तिला पटलं की नाही माहीत नाही. तिनं गठ्ठ्यातली काही पानं मात्र मागून नेली.

तुमच्या गावातल्या, वस्तीतल्या आशांकडे त्या उन्हाळ्यातल्या घरभेटींच्या वह्या आणि मोबदल्याचे कागद असतील, तर त्यांच्या परवानगीनं झेरॉक्स काढून घ्या. आमच्या ताईची एक वही पावसात भिजली, एप्रिलची पानं एकमेकांना चिकटली आहेत. दुसरी माझ्याकडे आहे. रुग्णांची नावं झाकून तिची प्रत लागेल त्या गटाला पाठवीन.