शेलापागोट्यांची वही

फेब्रुवारी १९९१. दहावीचा निरोप समारंभ दोन दिवसांवर आला होता. मराठीच्या सरांनी मला मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत बोलावलं आणि बिस्किटांचा रिकामा डबा पुढे सरकवला. डबा चिठ्ठ्यांनी भरलेला. "या सगळ्या तुझ्या अक्षरात वहीत उतरवून काढ. मूळ चिठ्ठी वाचली तर कुणी लिहिलंय ते अक्षरावरून कळेल, आणि परीक्षेच्या तोंडावर मला मारामाऱ्या नकोत."

त्या चिठ्ठ्या म्हणजे आमची शेलापागोटी. शहरातली मुलं त्याला फिशपॉन्ड म्हणत, पण पाटण तालुक्यातल्या आमच्या शाळेत जुनाच शब्द चालत होता आणि मला तोच आवडतो. मानाच्या माणसाला शेला आणि पागोटं देऊन गौरवायची रीत होती. त्याच मानाचं नाव या चिमट्यांना मिळालं. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने पुढे येऊन उभं राहायचं, सगळ्या वर्गासमोर ती ऐकायची आणि पेढा घेऊन जागेवर जायचं. त्या वर्षी सरांनी विषय ठरवून दिला होता: वीस वर्षांनी कोण कुठे असेल?

आम्ही बासष्ट जण होतो. अडतीस मुलगे, चोवीस मुली. ती दोनशे पानी वही अजून माझ्याकडे आहे.

उतरवायला बसण्याआधी सरांनी माझ्यादेखत डबा चाळला. कुणाच्या रंगावर, अंगावर, जातीवर काही लिहिलेलं असलं की ती चिठ्ठी फाडून सदऱ्याच्या खिशात. मुलाचं नाव मुलीशी जोडलेलं असलं की तीही खिशात. एका चिठ्ठीपाशी मात्र ते थांबले. वर्गातला एक मुलगा पुढे वाशीच्या मार्केटात पोती उचलणार, असं तिच्यात यमक जुळवून लिहिलं होतं. मला तर ती चांगली वाटली होती. सर म्हणाले, "याचा बाप माथाडी आहे. याला थट्टा म्हणत नाहीत, त्याच्या घरचं काम आहे ते. त्यावर हसायचं नाही." मग खुर्ची वळवून त्यांनी मला अण्णासाहेब पाटलांबद्दल सांगितलं. आमच्याच तालुक्यातला हा माणूस, त्याने ओझी वाहणाऱ्यांची संघटना बांधली आणि १९६९मध्ये माथाडींसाठी कायदा झाला, तो कसा झाला. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी ते सांगत होते. इतिहासाच्या पुस्तकात हे नव्हतं. आमच्या निम्म्या वर्गाचे बाप, काके, मामे मुंबईला पोती उचलत होते, आणि त्यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं.

गेल्या महिन्यात, पस्तीस वर्षांनी, आमची बॅच जमली. मी वही घेऊन गेले. जाण्याआधी दोन रात्री ती नीट वाचली. वाचताना जे लक्षात आलं त्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

आम्ही एकमेकांचे स्वभाव अचूक ओळखले होते. काळ मात्र आम्हाला मुळीच ओळखता आला नाही. चिठ्ठ्यांत जेवढे धंदे आहेत तेवढे सगळे आमच्या बाजारपेठेच्या एका फेरीत दिसत: तलाठी, फौजदार, कंपाउंडर, टेलर, व्हिडिओ सेंटरवाला. एकाने खरोखरच व्हिडिओ सेंटर टाकलं आणि सहा वर्षांत बंद केलं. निरोप समारंभ फेब्रुवारीत झाला, आणि त्याच वर्षी जुलैत देशाच्या अर्थव्यवस्थेची दारं उघडायला सुरुवात झाली. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना ते कुठून कळावं?

एक मुलगा होता, खिडकीजवळ बसणारा. गणिताच्या तासाला बाहेर डोंगराकडे बघत राहायचा. त्याची चिठ्ठी अशी:

डोकं याचं ढगात, पाय नाहीत जमिनीवर,
हा पठ्ठ्या जन्म काढणार नुसत्या वाऱ्यावर!

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. हा तिथे आधी राखणीला लागला. मग देखभालीचं काम शिकला. मनोऱ्याच्या आतली शिडी चढून वर जायचं, पाती थांबवायची, तेल-वंगण बघायचं. दोन मुलींची शिक्षणं त्याने त्या वाऱ्यावर केली. मी चिठ्ठी वाचली तेव्हा तो उठून उभा राहिला, अगदी तेव्हासारखा हात मागे बांधून, आणि म्हणाला, "पेढा कुठाय माझा?"

आता मुलींच्या चोवीस चिठ्ठ्यांकडे येते. त्यातल्या एकोणीस नवऱ्याबद्दल, सासूबद्दल नाहीतर पोळ्यांबद्दल आहेत. मुलग्यांच्या चिठ्ठीत निदान एखादा धंदा तरी होता, मुलींच्या बहुतेक चिठ्ठ्यांत फक्त सासर. यातल्या बऱ्याच आम्ही मुलींनीच लिहिलेल्या होत्या. अक्षरं मी पाहिली होती, म्हणून सांगते. सरांच्या चाळणीत जात आणि रंग अडकले, हे मात्र सुटलं. त्यांनाही ते खुपलं नसावं. ही चिठ्ठी बघा:

बोलायला लागली की घंटा ऐकू येत नाही,
सासूबाई, कापूस घ्या, ही गप्प बसत नाही!

ही मुलगी शेजारच्या तालुक्यात सून म्हणून गेली. १९९३मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११मध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखीव केल्या. गावच्या सरपंचपदाची सोडत महिलेसाठी निघाली आणि हिला उभं केलं, ते सासूनेच. "घरात बोलतेस ते चावडीवर बोल," असं म्हणाली म्हणे. त्याच तोंडाने तिने ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा प्रश्न चार वर्षं लावून धरला आणि टाकी बांधून घेतली. तिचा बोलका स्वभाव आमच्या चिठ्ठीत पुरेपूर आला होता. त्या स्वभावाला आम्ही स्वयंपाकघर सोडून दुसरी जागाच दिली नव्हती.

चोवीसातली एकच चिठ्ठी नोकरीची होती, आणि ती त्या दिवशीची सर्वांत मोठ्या हशाची. सहलीचे पैसे गोळा करून पैशापैशाचा हिशेब देणाऱ्या मुलीवर होती ती:

चार आण्यांसाठीसुद्धा ही कुणाला सोडत नाही,
कंडक्टरीण झाली तर एसटी तोट्यात जात नाही!

बाई आणि कंडक्टर! आम्ही पोट धरून हसलो होतो, कारण तोवर आमच्यापैकी कुणी एसटीत बाई कंडक्टर पाहिलीच नव्हती. तीसुद्धा हसली होती. पुढे भरतीची जाहिरात आली तेव्हा तिच्या भावाने चेष्टेत तीच ओळ म्हटली आणि हिने अर्ज भरला. आधी तिकिटांचा ट्रे आणि चिमटा, मग मशीन. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेल्या एसटीच्या संपात पाच महिने घरात पगार नव्हता. २०२३च्या मार्चपासून बायकांना निम्म्या तिकिटात प्रवास सुरू झाला. तेव्हापासून बाजारच्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसते, असं ती सांगते, आणि ते सांगताना तक्रारीपेक्षा कौतुक जास्त असतं. "माहेरी जाऊन आले म्हणतात गं म्हाताऱ्या. किती वर्षांनी."

तिने माझ्याकडून वही घेतली, ते पान काढलं आणि बोटाने ओळ वाचली. तिच्या उजव्या अंगठ्याच्या पेराला जुना घट्टा आहे, चिमट्याचा. मशीन येऊन इतकी वर्षं झाली तरी तो गेलेला नाही.

हल्लीच्या निरोप समारंभांत शेलापागोटी मला दिसत नाहीत. कुणाला लागेल म्हणून बंद केली, असं एका मुख्याध्यापिकेने मला सांगितलं. लागतं, हे खरंच. आमच्यातही काहींना लागलं असेल. म्हणून तर सरांसारखा चाळणारा माणूस हवा. पण वर्गातल्या बासष्टांपैकी प्रत्येकाकडे कुणीतरी इतकं निरखून बघितलं होतं की त्याच्यावर दोन ओळी जुळवता आल्या. एकही नाव सुटलं नव्हतं. कमी पडलेल्या सात नावांवर सरांनी शेवटच्या रात्री स्वतः लिहिलं होतं, हे मला त्यांच्या वळणदार अक्षरामुळे कळलं. मी कुणाला सांगितलं नाही. माझी चिठ्ठी त्या सातातली होती.

सर आले होते. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, नातवाचा हात धरून आले. जेवणं झाल्यावर पवनचक्कीवाल्याने टूम काढली की आता पुन्हा लिहायच्या, निवृत्तीनंतर कोण काय करणार. कागद फाडले गेले, पेनं इकडून तिकडे गेली, मिठाईचा खोका रिकामा करून त्यात चिठ्ठ्या जमा झाल्या. सरपंचबाई मोठ्याने वाचायला उठल्या, तोच सर म्हणाले, "थांबा. आधी इकडे."

त्यांनी चष्मा पुसला. एकेक चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली. आम्ही पन्नाशी ओलांडलेली माणसं गप्प बसून होतो. दोन चिठ्ठ्या त्यांनी फाडल्या आणि खिशात घातल्या. मग खोका माझ्यापुढे सरकवला.

"अजून अक्षरं ओळखू येतात यांची," ते म्हणाले. "बस. उतरवून काढ."