संगणकाची वीज : स्वस्तातील महाग खरेदी

घर बांधताना जो गृहस्थ पायाच्या दगडांची स्वतः पारख करतो, तोच गृहस्थ मुलांसाठी संगणक जुळवून घेताना मात्र प्रोसेसर कोणता आणि पडदा किती इंची, एवढेच विचारून थांबतो. ज्या पेटीतून या साऱ्या यंत्राला वीज मिळते, तिची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती कॅबिनेटच्या कोपऱ्यात दडलेली असते आणि पुष्कळदा कॅबिनेटच्या किमतीतच येते. बाजारात तिला एसएमपीएस म्हणतात. घरातील २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करून ती प्रत्येक भागाला पुरविणे, हे तिचे काम होय. ही पेटी बिघडली, तर कित्येकदा एकटी बिघडत नाही. मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क यांनाही सोबत घेऊन जाते.

झाशीचेच उदाहरण घेऊ. नेवाळकरांच्या काळापासून या गावी मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचा विवाह ज्या गणेशमंदिरात झाला, ते मंदिर आजही तेथे आहे. छावणीच्या सदर बाजारात संसाराची खरेदी करणाऱ्या अशा एखाद्या कुटुंबाची अडचण नागपूरच्या वा सोलापूरच्या कुटुंबाहून निराळी नसते. गाठीला पैसा बेताचा, मुलीची स्पर्धापरीक्षा तोंडावर आणि दिवस उन्हाळ्याचे! बेतवेकाठी परिछा येथे औष्णिक वीजकेंद्र आहे खरे. परंतु केंद्र जवळ असले म्हणून घरातील विजेचा दाब स्थिर राहतोच, असे नाही. पारा ४५ अंशांकडे झुकला, की घरोघरचे कूलर एकदम सुरू होतात, रोहित्रावर भार पडतो आणि दाब घसरतो. अशा ठिकाणी एसएमपीएसची निवड डोळसपणेच करावयास हवी.

प्रथम गरज किती, याचा हिशेब करावा. समजा, प्रोसेसर ६५ वॅटचा आहे आणि ग्राफिक्स कार्ड वेगळी तार न लागणारे आहे. असे कार्ड मदरबोर्डवरील खाचेतून अधिकात अधिक ७५ वॅट घेते. बाकीच्या भागांसाठी आणखी ६० वॅट धरले, तर बेरीज २०० होते. प्रोसेसर काही काळ नेमून दिल्यापेक्षा अधिक वीज ओढतो, म्हणून दुपटीने हिशेब धरावा. तात्पर्य, घरगुती संगणकाला ४०० ते ४५० वॅटचा प्रामाणिक संच पुरेसा आहे.

‘प्रामाणिक’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा वाचून समाधान मानू नये. बाजूच्या लेबलावरील तक्ता वाचावा. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा बहुतेक भार १२ व्होल्टच्या वाटेवर असतो. त्या रकान्यात १६ अँपिअर लिहिले असेल, तर १२ गुणिले १६ म्हणजे अवघे १९२ वॅट होतात. मग वर ४५० लिहिलेले असो की ५००! ४५० वॅटच्या चांगल्या संचात हा आकडा ३५ अँपिअरच्या आसपास असतो. गुणाकार येणारे कोणतेही मूल ही परीक्षा दुकानातच करू शकेल.

दुसरी खूण ‘८० प्लस’ ही. २००४ साली सुरू झालेल्या या प्रमाणपत्राचा अर्थ असा, की घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज संगणकाला मिळते आणि उष्णतेच्या रूपाने वाया जाणारा भाग मर्यादित राहतो. मात्र ही कार्यक्षमतेची खूण आहे. टिकाऊपणाची हमी नव्हे. त्यासाठी आतील कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसचे आहेत ना, हे विचारावे. काही स्वस्त संचांत ते ८५ अंशांचे असतात. तापमान १० अंशांनी उतरले, की कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. उष्ण प्रदेशातील कुटुंबाने तो ध्यानी ठेवावा.

भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही पाहावा. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो क्रमांक खरा की खोटा, हे तेथल्या तेथे पडताळता येते. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर संचाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे हमीच्या काळात वाद उरत नाही. वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपयोगी पडतो.

उत्तम संच घेऊनही घरात अर्थिंग नसेल, तर काम अपुरेच राहते. कॅबिनेटला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. तीन पायांच्या प्लगचा जाड पाय काढून टाकण्याची खोड तर सर्वथा वर्ज्य मानावी. वीज वारंवार जात असल्यास यूपीएस ठेवावा. वीज जाऊन यूपीएस हाती घेईपर्यंतचे काही सहस्रांश सेकंद संचाला स्वतःच्या साठ्यावर काढावे लागतात; चांगला संच सुमारे १६ सहस्रांश सेकंद तग धरतो, हलका त्याआधीच मान टाकतो आणि संगणक बंद पडतो. आणखी एक सावधगिरी : आतील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब साठतो व प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो. म्हणून ही पेटी घरी कधीही उघडू नये आणि मुलांनाही उघडू देऊ नये.

आता प्रश्न उरतो पैशाचा. अनामिक संच काही शे रुपयांत मिळतो, विश्वासाचा संच दोन-तीन हजारांच्या घरात जातो. हा फरक थोडा नव्हे. परंतु काचेचे कॅबिनेट व रंगीत दिवे यांवाचून अभ्यास अडत नाही. रॅमही आज निम्मी घेऊन पुढील वर्षी वाढविता येते. काटकसर तेथे करावी. एसएमपीएसवर वाचविलेले दीड हजार रुपये पंधरा-वीस हजारांच्या यंत्राला धोक्यात घालतात. वर्षभर लिहिलेल्या टिपणांचे मोल तर रुपयांत सांगताच येणार नाही. त्या टिपणांची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवण्यास आजच आरंभ करावा. त्याला खर्च फारसा येत नाही.